सादळलेली ठिणगी

आमची गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला तो १ जुलै १९९८ ला. गाडी १९९६ ची. त्यामुळे तिच्या पाटीवर अजून अकोल्याचा एमएच ३० आहे आणि गल्लीतल्या एमएच ३७ वाल्या नव्या गाड्यांकडे ती थोरल्या जावेच्या नजरेनं पाहते. थोरलेपणाचे गुणही तिच्यात सगळे आहेत. मे महिन्यात डांबर पाघळतं तेव्हा ती कुरकुर न करता चालते. सात माणसं आणि ज्वारीचं पोतं घेऊन लग्नाला जाते. पण झड लागली की अंथरूण धरते.

झड म्हणजे नुसता पाऊस नव्हे, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पाऊस येतो, पडतो, जातो. झड मुक्कामाला येते. तीन-तीन दिवस आभाळ छपरावर टेकून बसतं आणि भुरभुर काही थांबत नाही. सोयाबीन पिवळं पडतं, दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा ओले लागतात, पापड सादळतात, काडेपेटी सादळते, टपरीवर बसून बसून माणसंही सादळतात. आमची गाडीसुद्धा सादळते. फरक एवढाच की पापड सादळला हे दाताखाली कळतं. गाडीचं नेमकं काय सादळलं हे कळायला मला चार पावसाळे आणि फवारणीचा एक पंप लागला.

पहिल्या पावसाळ्यात मेव्हण्याच्या मुलाला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी अकोल्याला न्यायचं होतं. वाशिमहून मालेगाव, मेडशी, मग पातूरचा घाट उतरला की अकोला. पोरगं मागच्या सीटवर. मांडीवर दाखल्यांची फाइल, फाइलवर जाड प्लास्टिकची पिशवी, पिशवीला सुतळीची गाठ. त्या सकाळी अख्ख्या जिल्ह्यात कोरडी म्हणावी अशी वस्तू एकच असेल, ती म्हणजे त्याची बारावीची गुणपत्रिका.

मालेगाव सुटलं आणि एका ट्रकनं डबक्यातलं पाणी थेट आमच्या तोंडावर मारलं. दोन-तीन किलोमीटरवर गाडीनं पहिली उचकी दिली. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात. आमच्या गाडीची आठवण मेकॅनिकाशिवाय दुसरं कोण काढणार? मी ॲक्सिलरेटर दाबला की उचक्या वाढत, पाय सैल केला की कमी होत. मेडशीच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली, चहाच्या टपरीसमोर तिनं शेवटची उचकी दिली आणि गप झाली. जागा मात्र तिनं नेहमीच बरी निवडली, हे कबूल करायला हवं.

टपरीवाल्यानं येऊन बोनेटवर हात ठेवला, पोराचा ताप पाहावा तसा.

"काऊन जी, बंद पडली काय?"

"हो."

"आपोआप?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

गाडी बंद पडली की आपल्याकडे माणसं जमिनीतून उगवतात. मिनिटाभरापूर्वी त्या रस्त्यावर टपरीवाला आणि एक कुत्रं एवढेच होते. पाच मिनिटांत ट्रॅक्टरवाला आला, दोन मोटारसायकली थांबल्या, हातात छत्री घेतलेले निवृत्त गुरुजी आले आणि निंदणाला निघालेल्या तीन बाया डोक्यावर पोत्याच्या खोळी घेऊन बाजूला उभ्या राहिल्या.

"पेट्रोलमंधी पानी गेलं असन," ट्रॅक्टरवाला खाली न उतरता म्हणाला. "मी तं म्हनतो, मानसानं डिझेलच घ्यावं."

"बॅटरी," गुरुजी म्हणाले.

मी सेल मारून दाखवला. इंजिन खणखणीत गरगरलं, फक्त पेटलं नाही. बॅटरी चांगली आहे, मी म्हणालो. "वरून तशी वाटते," गुरुजी म्हणाले. ज्यांनी आयुष्यभर पेपर तपासले त्यांनी एकदा फुली मारली की फेरतपासणी नसते.

मोटारसायकलवरच्या पोट्ट्यानं मात्र कामालाच हात घातला. टपरीवाल्याकडून पाना आणला, एक प्लग काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पंचांना पुरावा दाखवावा तसा सगळ्यांपुढे फिरवला. "पाहा, कसा काया झाला." इतक्यात बायांमधली म्हातारी पुढं आली. "इतकी चांगली गाडी, राजेहो. नजर लागली असन." त्या गाडीला चांगली म्हणणारं माणूस मला त्यानंतर भेटलेलं नाही. तिनं टपरीवरचं लिंबू घेतलं, गाडीवरून सात वेळा उतरवलं आणि रस्त्यापलीकडे फेकलं. पोट्ट्यानं प्लग बसवला. गुरुजींनी बॅटरीच्या तारा दाबल्या. ट्रॅक्टरवाल्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत हुंगलं. मी सेल मारला.

गाडी सुरू!

चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं आणि चौघांच्याही चेहऱ्यावर एकच वाक्य होतं: मी म्हटलं नव्हतं? चहाचे पैसे मी दिले. म्हातारी चहाला थांबली नाही. खऱ्या वैद्याला घाई असते.

दुसऱ्या पावसाळ्यात ती शिरपूरला बसली. तिथले अंतरिक्ष पार्श्वनाथ जमिनीला टेकत नाहीत अशी ख्याती. आमची गाडी काही केल्या जमीन सोडेना. तिथं कुणीतरी पुढचं डावं चाक लाथेनं हाणलं आणि ती सुरू झाली. कारंज्याला एका सद्गृहस्थांनी चौघांना लावून ती मागून उचलून गदागदा हलवली. त्यांची जवानी आडवी केल्याशिवाय सुरू न होणाऱ्या स्कूटरवर गेली असावी. गाडी तिथंही सुरू झाली. रिसोडच्या रस्त्यावर तर कुणीच आलं नाही; मी एकटाच बसून भाजलेलं कणीस खाल्लं आणि सुरू झाली. या शेवटच्या उपचाराकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

गॅरेजवाल्यांचे अनुभव थोडक्यात आटोपतो, कारण ते सगळे सारखेच आहेत. दवाखान्याच्या पायरीवर पोराचं पोट दुखायचं थांबतं, तशी गॅरेजच्या दारात गाडी ठणठणीत. "सकाळी बंद पडली होती," मी म्हणायचो. "आता तं चालू हाये," मेकॅनिक म्हणायचा आणि मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहायचा. तरी रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून एकानं कार्बोरेटर खोलला, दुसऱ्यानं पेट्रोलपंप बदलला, तिसऱ्यानं चारही प्लग. गुरुजींचा शब्द राहावा म्हणून मी स्वतःच बॅटरीही बदलली.

चौथ्या पावसाळ्यात जुन्या वाशिममधल्या एका मिस्त्रींचं नाव कळलं. ते मुळात विहिरीच्या मोटारींचं वाइंडिंग करणारे. गाडीचं वायरिंग हा त्यांचा जोडधंदा. बोनेट उघडण्याआधी त्यांनी प्रश्न विचारले, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मुसळधार पावसात बंद पडते की भुरभुरीत? सकाळी थंड असताना की चालता चालता? चढावर जास्त की सपाटीवर? बंद पडल्यावर किती वेळानं सुरू होते? मी सांगत गेलो, ते तांब्याच्या तारेचे वेढे मोजत राहिले. शेवटी म्हणाले, "रात्री या. अन् घरी फवारणीचा पंप असन तं घेऊन या."

"पंप? औषध कोणतं टाकू?"

"पानी. पन पंप तीन पान्यानं धुवा. तननाशक राहिलं तं गाडी मरनार नाही, मी मरीन."

रात्र पडली. अंधारही लागणार होता, त्याची सोय आठच्या सुमारास परभारे झाली, वीज गेली. मिस्त्रींनी गाडी सुरू ठेवायला सांगितली, बोनेट वर केलं, टॉर्च विझवला. "हात मागं. लेकराले आवरा." मग पाठीवरच्या पंपाचं नोझल अगदी बारीक करून त्यांनी इंजिनाच्या दिशेनं दमादमानं धुकं सोडलं. वाफसा आलेल्या जमिनीवर फवारताना माणूस जसा पाऊल पाहून चालतो, तसा त्यांचा हात चालला होता.

आधी काही दिसलं नाही. मग तिसऱ्या तारेच्या कुशीत एक निळी रेघ चमकली. केसाएवढी बारीक, नखाएवढी लांब. तारेतून निघून शेजारच्या लोखंडावर. चट. पुन्हा चट. मिस्त्रींनी धुकं थोडं डावीकडं नेलं, आणि डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपीवर अशा पाच-सहा रेघा एकदम जाग्या झाल्या, काजव्यांनी फांदी धरावी तशा. वीज कडाडून गेल्यावर हवेत रेंगाळतो तसला उग्र वास आला. इंजिनाला उचकी लागली, तीच, मेडशीची. चार पावसाळ्यांत मी ती पहिल्यांदा मागवून घेतलेली पाहत होतो.

"पाह्यलं?" मिस्त्री म्हणाले. "ठिनगीनं तिकीट काढलं अकोल्याचं, अन् उतरते मेडशीले."

सगळं दुखणं या एका वाक्यात होतं, पण मला ते सावकाश समजून घ्यावं लागलं. गाडीच्या बॅटरीत असतात बारा व्होल्ट. एवढ्यावर प्लगच्या फटीत ठिणगी उडत नाही. म्हणून कॉइल त्या बाराचे वीस हजारांच्या आसपास करते. केटरिंग नावाच्या अमेरिकन माणसानं १९१० च्या सुमारास ही युक्ती मोटारींत रुळवली आणि पुढं अनेक दशकं जगभरच्या पेट्रोलगाड्या तिच्यावर चालल्या. ही वीस हजारांची वीज डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येते. तिथं रोटर नावाचा वाढपी गोल फिरत असतो आणि पंगतीतल्या चारही पानांवर ज्याच्या-त्याच्या पाळीला एकेक ठिणगी वाढत जातो. पण वीस हजारांची वीज म्हणजे मोठी चंचल बाई. तिला जमिनीला जाऊन मिळायची घाई असते. जिथं सोपी वाट दिसेल तिथून ती उतरते. वाळक्या, धड रबरातून वाट मिळत नाही, म्हणून ती निमूटपणे प्लगपर्यंत जाते. रबराला भेगा पडल्या, त्यात ओल शिरली, की पानापर्यंत पोचायच्या आतच पळी सांडली.

यात पाण्याचा दोष तसा थोडाच. पावसाचा निव्वळ थेंब विजेला फारशी वाट देत नाही. त्यात मुरतात ती आपली काळ्या रानाची धूळ, इंजिनाचा तेलकटपणा, रस्त्याचा राडा. या सगळ्यांचा काला झाला की मग रस्ता मोकळा. शिवाय एकदा का वीज टोपीवरून अशी घसरली, की जाता जाता ती कोळशाची बारीक रेघ जाळून ठेवते. पुढच्या वेळी तिला शोधाशोध करावी लागत नाही. बांधावरून चार माणसं गेली की पायवाट पडते, तसंच.

ॲक्सिलरेटर दाबला की उचक्या का वाढत, तेही उलगडलं. गाडीला जोर लावायचा म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त ठासून भरायचं. त्या दाटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्ट लागतात. म्हणजे नेमकी घाटात समोरची वाट अवघड होते आणि बाजूची ओली वाट सोपीच राहते. वीज आपल्यासारखीच आहे.

आणि मेडशीचं रहस्य? गाडी बंद पडली तरी इंजिन तापलेलंच असतं, बोनेटखाली भट्टी पेटलेली असते. त्या धगीनं टोपी आणि तारा आपोआप वाळतात. वेळ लागतो पंधरा-वीस मिनिटं. आता हिशेब करून पाहा. प्लग काढून, पुसून, चारचौघांना दाखवून परत बसवायला किती वेळ लागतो? लिंबू सात वेळा उतरवायला, त्याआधी ते आणायला, त्याआधी नजर कुणाची लागली यावर चर्चा करायला? चौघं जमवून गाडी गदागदा हलवायला? एक कणीस दाणा दाणा खायला? पंधरा-वीस मिनिटं. महाराष्ट्रात असा एकही उपचार नाही जो पंधरा-वीस मिनिटांच्या आत सुरू होऊन संपतो. म्हणून इथं गाडीची ओल सगळ्याच उपचारांनी बरी होते. चूक निदानाला यश मिळालं की ते निदान जन्मभर टिकतं. तो पोट्टा आजही भेटेल त्याचा प्लग काढत असेल.

ट्रॅक्टरवाल्यावर मात्र माझ्याकडून अन्याय नको. पेट्रोलमध्ये पाणी हे त्याचं निदान चुकलं, पण डिझेल घ्या हा सल्ला बिनतोड होता. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. तिथं हवा इतकी दाबतात की तिच्या तापानंच डिझेल पेटतं. म्हणून झडीत आमच्या शेजारून एसटी आणि ट्रॅक्टर चिखल उडवत निवांत जातात. त्याही मागं गेलं, तर हे वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, राजधानीचं गाव. अजिंठ्याची लेणी कोरली जात होती तेव्हा हरिषेण राजा इथून राज्य करत होता. झडी तेव्हाही लागत असणार. पण घोड्याला वायरिंग नसतं.

मिस्त्रींनी अकोल्याहून नवी टोपी, रोटर आणि चार तारा मागवल्या. सगळं मिळून खर्च कार्बोरेटरच्या पाव हिश्शाइतकाही आला नाही, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. बसवताना मेव्हण्याचा मुलगा हजर होता. तो आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचला होता. जुनी टोपी उजेडात धरून, आतल्या काळ्या रेघा पाहून तो म्हणाला, "काका, ही डायइलेक्ट्रिक ब्रेकडाउनची केस आहे."

"मग मेडशीला का नाही बोललास?"

"तेव्हा ॲडमिशन झाली नव्हती ना."

उरल्या पावसाळ्यासाठी मी टोपीला प्लास्टिकची पिशवी बांधायचं ठरवलं. तीच, दाखल्यांची, सुतळीसकट. मिस्त्रींनी ती सोडून टाकली. "बांधू नका. आतून घाम सुटते, मंग बाहेरच्या पान्याची गरजच नाही." त्यांनी तारांच्या टोकांच्या टोपणात बोटभर सिलिकॉनचं ग्रीस भरलं आणि फवाऱ्याचा एक निळा-पिवळा डबा दाखवला, डब्ल्यूडी ४०. त्या नावाचीही कथा आहे. पाणी हटवणारं औषध बनवायला अमेरिकेतले लोक १९५३ साली बसले होते, ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून. चाळिसाव्या खेपेला जमलं, म्हणून नावात चाळीस. मला ते वाचून फार बरं वाटलं. अग्निबाणवाल्यांना ओलीपायी चाळीस खेपा घालाव्या लागल्या; मी तर कार्बोरेटर, पेट्रोलपंप, प्लग आणि बॅटरी धरून चारच चुकलो होतो.

आता मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेलाय. तिथं गाडी बंद पडली तर कडुलिंब नाही, टपरी नाही, गुरुजी नाहीत. मदतीची गाडी येते आणि उचलून नेते. पंधरा-वीस मिनिटं घालवायला तिथं माणसानं करायचं तरी काय, हा प्रश्न आखणी करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

गेल्या झडीतली गोष्ट. शेलूबाजाराजवळ रस्त्याच्या कडेला एक तरुण मोटारसायकलला किक मारून मारून थकला होता. मागं बायको, तिच्या मांडीवर गुंडाळलेलं लेकरू, वर धरलेलं फाटकं प्लास्टिक. माझी गाडी उचकी न देता चालली होती, त्या आनंदात मी थांबलो. चार पावसाळ्यांची विद्या घशाशी आली होती. प्लगचं टोपण काढ, कोरड्या कपड्यानं पूस, तारेला भेग आहे का पाहा, असं सगळं क्रमानं सांगायचं ठरवून मी खाली उतरलो, छत्री उघडली, चिखल चुकवत त्याच्यापाशी पोचलो आणि इंजिनावर हात ठेवला. चांगलंच तापलेलं होतं.

"किती वेळ झाला बंद पडून?" मी विचारलं.

"झाली असतीन पंधरा-वीस मिनटं."

"मार किक."

एका किकमध्ये सुरू. तो माझ्या हाताकडे पाहत राहिला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "पाह्य वं, नुसता हात लावला काकानं."

मी त्याला टोपी, तारा, ओल, वीस हजार व्होल्ट हे सगळं सांगणार होतो. पण तोवर ती दोघं पाया पडायला वाकली होती, लेकराच्या डोक्यावरही माझा हात ठेवून झाला होता, आणि समोरच्या टपरीवाल्यानं न विचारता चहा ओतला होता. पैसे त्या तरुणानंच दिले. मी देऊ दिले.